आवाळूचा वाडगा

लाकडाच्या वखारीत गाठीच्या लाकडाला मान नसतो. सुतार ओंडका निवडतो तो सरळ, एकसारख्या रेषेचा. ज्यावर रंधा सरसर चालावा, खिळा मारला तर जे फुटू नये, दार केले तर पावसाळ्यात जे फार वाकू नये, असे लाकूड त्याला हवे असते. गाठीवर रंधा अडतो, पात्याची धार जाते आणि दिवसाचे काम लांबते. म्हणून गाठाळ तुकडा कोपऱ्यात पडतो व अखेर जळणाच्या भावाने जातो. हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, आणि त्यात सुताराचे काही चुकते असेही नाही.

परंतु याच टाकलेल्या तुकड्यातून एखादा जाणता कातारी असा वाडगा काढतो, की पाहणाऱ्याने तो हातात घ्यावा आणि फिरवून फिरवून पाहत राहावे. त्याच्या अंगावर भोवरे, डोळे आणि लाटा उमटलेल्या असतात; कडा कुठे तुटक असते; आणि भिंतीला जागोजाग आरपार भोके असतात. ही भोके गिरमिटाने पाडलेली नसून ती झाडातच होती. अशा वाडग्यात ताक राहत नाही की आमटी राहत नाही. तो शोभेसाठीच ठेवायचा. मग ज्या भांड्याला भोक आहे ते भांडे मोलाचे कसे ठरते? ते घडते कसे? आणि त्याचे मोल कोणाच्या पदरात पडते? या तीन प्रश्नांचा विचार आपल्याला येथे करावयाचा आहे.

आम्ही स्वतः कातारी नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या सभा, कारखान्यांची दारे आणि कोर्टाच्या तारखा यांत गेले. पण यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचे काम समजून घेतल्यावाचून त्याची मजुरी मागता येत नाही, अशी आमची समजूत आहे. पुढील विवेचन त्याच समजुतीने केले आहे.

आवाळू म्हणजे काय

माणसाच्या मानेवर किंवा कपाळावर जसे आवाळू येते, तसे ते कित्येक झाडांच्या बुंध्यावरही येते. चिंच, आंबा, शिसव, साग अशा अनेक झाडांवर हा फुगवटा आढळतो. कधी नारळाएवढा, कधी पाटीएवढा. बोलण्यात त्याला नुसती गाठच म्हणतात. पण फांदी खोडात जिथे रुजलेली असते तिथली गाठ निराळी आणि हा फुगवटा निराळा. म्हणून येथे आम्ही त्याला आवाळूच म्हणणार आहोत.

झाडाच्या सालीखाली एक अगदी पातळ जिवंत थर असतो. तोच आतल्या बाजूस लाकूड आणि बाहेरच्या बाजूस साल तयार करीत राहतो. साधारणपणे त्याने घडवलेले लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीने, सुताच्या लडीसारखे, एकापाशी एक सरळ बसतात. सालीखाली पुष्कळशा कळ्याही निजलेल्या असतात. कुऱ्हाडीचा घाव, वणव्याची आच, कीड, बुरशी अशा एखाद्या आघाताने, आणि कधी कधी वरवर काही कारण दिसत नसतानाही, या कळ्या एका जागी दाटीने वाढू लागतात. त्यांना फांदी व्हायचे असते, पण त्या फुटून बाहेर पडत नाहीत. प्रत्येक कळीला वळसा घालून लाकूड वाढत जाते. नदीच्या पात्रात खडक दाटीने असले म्हणजे पाणी जसे भोवरे घेत वाहते, तसे तंतू वळतात. वाडग्याच्या अंगावर आपण जे डोळे पाहतो ते या अडलेल्या कळ्यांचे आहेत.

आता पोकळीविषयी. फुगवट्याचे दोन उंचवटे वाढता वाढता एकमेकांना भिडतात, तेव्हा त्यांच्या मधली साल आत चिणली जाते. ती लाकडाशी एकजीव होत नाही. पुढे सुकून किंवा कुजून गळते व तिची जागा रिकामी राहते. काही ठिकाणी किड्याने पोखरलेले असते, काही ठिकाणी पाणी मुरून कुजलेले असते. अशा पोकळ्या बाहेरून दिसत नाहीत. वरून भरीव वाटणारे आवाळू आतून मधाच्या पोळ्यासारखे असू शकते. पुढच्या साऱ्या कामाची अवघड बाजू या एका गोष्टीत आहे.

ही आवड जुनी आहे

गाठाळ लाकडाचा शौक आजचा नाही. प्राचीन रोममध्ये उत्तर आफ्रिकेतून येणाऱ्या एका सुगंधी झाडाच्या मुळाजवळील गाठीपासून केलेली मेजे श्रीमंतांच्या घरी असत. सिसेरो या प्रसिद्ध वक्त्याने तशा एका मेजासाठी पाच लक्ष सेस्टर्स मोजल्याचे प्लिनी या रोमन ग्रंथकाराने नमूद केले आहे. मेज कोणी विकत घेतले त्याचे नाव इतिहासात राहिले. ते घडवणाऱ्याचे नाव मात्र राहिले नाही.

आपल्या जवळ यायचे तर हिमालयात यावे. तिबेट, भूतान आणि अरुणाचल प्रदेशातील तवांगकडचा मोंपा मुलूख येथे लाकडी वाडगा ही नित्याच्या वापरातली वस्तू. सातूचे पीठ आणि लोण्याचा चहा तिथे लाकडी पेल्यांतून घेतात आणि त्यांत आवाळूच्या पेल्याला विशेष मान असतो. या मानाला उपयोगाचाही आधार आहे. सरळ रेषेच्या लाकडाला चीर पडली तर ती रेषेने धावत जाते. आवाळूत तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने चिरेला धावायला वाट सापडत नाही. म्हणून भरीव आवाळूची पातळ भिंतही टिकते. पूर्व भूतानमधील त्राशियांगत्से हा जिल्हा या कातकामासाठी नावाजलेला आहे.

आपल्या महाराष्ट्रात लाकूड कातण्याची मोठी परंपरा सावंतवाडीची. तिथल्या चितारआळीतील लाकडी फळे आणि खेळणी कोणी पाहिली नसतील असे घर विरळा. गंजिफा आणि लाखकाम यांना सावंतवाडी संस्थानाच्या राजघराण्याने १९७० नंतरच्या दशकात पुन्हा आधार दिला, हेही पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु त्या कामाची रीत आपल्या वाडग्याच्या नेमकी उलट आहे. खेळण्यासाठी पांगाऱ्यासारखे हलके, मऊ, एकसारखे लाकूड घेत. लाखकामाच्या जुन्या पद्धतीत फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते, आणि वरून केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. तिथे लाकूड झाकले जाते आणि शोभा लाखेची असते. आवाळूच्या वाडग्यात झाकायचे काहीच नसते. दोष आहे तो दोष म्हणूनच दाखवायचा, असा हा प्रकार आहे.

भोके मुद्दाम राखून वाडगा कातण्याची आजची पद्धत रूढ करणाऱ्यांत अमेरिकेतील मेल्विन लिंडक्विस्ट (१९११ ते २०००) आणि त्यांचे चिरंजीव मार्क यांची नावे अग्रभागी घेतली जातात. यातील वडील कोण होते? न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात लेथवर काम केलेले एक यंत्रकामगार. धातू कातताना पोकळी निघाली तर तो नग बाद करायचा, हा ज्याच्या धंद्याचा नियम, त्याच माणसाने घरी येऊन लाकडातली पोकळी राखून ठेवली. कामगाराच्या हाताला सवड आणि स्वातंत्र्य मिळाले म्हणजे तो काय करू शकतो, याचे हे उदाहरण आम्हांला फार मोलाचे वाटते.

लाकूड कोठून आणावे

आवाळू हे जिवंत झाडाचे अंग आहे. ते कापून घेतले तर बुंध्याला उघडी जखम होते, तिच्यातून बुरशी व कीड शिरते आणि झाड खचते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात रेडवुड नावाचे प्रचंड वृक्ष आहेत. त्यांच्या आवाळूतून नवे कोंब फुटतात, म्हणजे तो त्या वृक्षाच्या वंशाचा साठाच म्हणावा. चोर ही आवाळू रात्री यांत्रिक करवतीने कापून नेऊ लागले, तेव्हा २०१४ साली तिथल्या राखीव अरण्यातील एक रस्ता रात्रीपुरता बंद करावा लागला. शोभेच्या वस्तूसाठी इतकी किंमत मोजावी असे कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडे शहरातील झाडाला हात लावण्याआधी परवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे व त्याप्रमाणे महानगरपालिकेचे वृक्ष प्राधिकरण ही परवानगी देते. तेव्हा रस्त्याकडेच्या चिंचेचे आवाळू रात्रीतून उतरवून आणणे हा गुन्हाच होय.

सरळ मार्ग पडलेल्या झाडाचा आहे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा या पट्ट्यात शेकडो झाडे उन्मळून पडली. उत्तनच्या किनाऱ्यापासून मीरा रोडच्या वसाहतींपर्यंत त्या दिवसाची आठवण कोणाला सांगावी लागणार नाही. दर पावसाळ्यातही काही झाडे पडतातच. रस्ता मोकळा करण्याच्या घाईत त्यांचे बुंधे सरसकट तुकडे होऊन जातात. त्यांतले आवाळू ओळखून बाजूला काढणारा कोणी जाणता माणूस त्या वेळी तिथे असेल, तर एका झाडाचे चार वाडगे होतील आणि एकाही जिवंत झाडाला घाव बसणार नाही.

कातण्याची रीत

लेथ ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी कुंभाराचे चाक आडवे न ठेवता उभे केले आहे असे समजावे. लाकडाचा ठोकळा त्या चाकाच्या तोंडाशी घट्ट बसवतात. तो स्वतःभोवती फिरतो, आणि कातारी एका लोखंडी आधारावर पटाशी टेकून तिची धार त्याला लावतो. कुंभार माती दाबून आकार देतो, हवी तर वाढवतो. कातारी फक्त काढू शकतो. एकदा निघालेला ढलपा पुन्हा चिकटवता येत नाही.

पहिले काम हत्याराचे नसून पारखण्याचे असते. साल काढून आवाळू स्वच्छ करतात, उजेडात चहूबाजूंनी पाहतात, लाकडी मुठीने ठोकून ऐकतात. भरीव जागी आवाज ठाम येतो, पोकळ जागी बोदा येतो. भेगेत बारीक तार घालून ती कुठवर जाते ते पाहतात. मग वाडग्याचे तोंड कोणत्या बाजूस ठेवायचे, बूड कुठे घ्यायचे, कोणती पोकळी भिंतीत येऊ द्यायची आणि कोणती कापून टाकायची, हे ठरते. बुडापाशी आणि लेथच्या पकडीपाशी लाकूड भरीव असलेच पाहिजे. तिथे पोकळी सापडली तर तो तुकडा त्या कामाचा नव्हे. अनुभवी कातारी या ठरवण्यातच तास घालवतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की हा नुसता बसून आहे.

ठोकळा चढवल्यावर तो हाताने एक फेरा फिरवून पाहतात, कुठे टेकत तर नाही ना. मग यंत्र अगदी मंद चालू करून बाहेरची बाजू गोल करतात. यासाठी पन्हळीसारखी अर्धगोल, चांगली परजलेली पटाशी लागते. बोथट हत्यार लाकूड कापत नाही, ओरबाडते, आणि पोकळीची कड त्याने तुटून निघते. धार वारंवार लावणे हा या कामाचा अर्धा भाग आहे.

पोकळी धारेखाली आली की आवाज बदलतो. भरीव लाकडावर सलग सरसर ऐकू येते. पोकळीवर टक-टक असा तुटक ठोका पडतो. पटाशी क्षणभर हवेत जाते व पुढच्या कडेवर आदळते. इथे हत्यार पुढे रेटले तर ते पोकळीत शिरते आणि कड उखडून येते. म्हणून हात हलका, पटाशी आधारावर पक्की टेकलेली आणि ढलपा पातळ ठेवावा लागतो. कुजलेली मऊ जागा आढळली तर यंत्र थांबवून तिच्यात पातळ गोंद मुरवतात आणि तो वाळल्यावर पुन्हा काम सुरू करतात. बाहेरची बाजू झाल्यावर ठोकळा उलटा धरून आतली बाजू पोखरतात. आत काय चालले आहे ते निम्मे डोळ्यांनी आणि निम्मे कानांनी कळते.

ओल्या लाकडात पाणी पुष्कळ असते; कोरड्या लाकडाच्या वजनाइतके किंवा त्याहूनही जास्त ते भरू शकते. हे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास उतरले की तिथून पुढे लाकूड आकसू लागते. सरळ लाकूड कोणत्या दिशेने किती आकसेल याचा अंदाज बांधता येतो. आवाळूत तंतू सर्व दिशांना गेलेले असल्यामुळे ते मनाला येईल तसे वळते. यासाठी वाडगा दोनदा कातावा लागतो. पहिल्या वेळी भिंत व्यासाच्या सुमारे दहावा हिस्सा जाड ठेवतात, वर मेण लावून किंवा कागदात गुंडाळून सावलीत ठेवून देतात. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत लाकूड सुकायला महिनेच्या महिने जातात, आणि मधे पावसाळा आला तर सुकलेले लाकूड पुन्हा ओल धरते. पूर्ण सुकल्यावर दुसऱ्यांदा कातून भिंत पातळ करतात. पोकळ्यांत अडकलेला सालीचा भुसा जुन्या ब्रशाने काढतात. घासकागद पोकळीजवळ नेताना यंत्र बंद करून हातानेच घासतात. कारण फिरत्या पोकळीची कड करवतीसारखी बोट कापते, आणि वेगात ती डोळ्यांना दिसतही नाही, नुसती धूसर सावली दिसते. शेवटी जवसाचे तेल, मेण किंवा चपडा लाखेचा पातळ हात.

पोकळी भरावी की उघडी ठेवावी, याविषयी कारागिरांत मतभेद आहेत. लाख, भुसा आणि गोंद, किंवा रंगीत राळ घालून ती भरता येते. आमच्या मते जी चीर वाडगा फोडील ती भरावी आणि भरली आहे हे गिऱ्हाइकाला सांगावे. जी पोकळी वाडग्याला अपाय करीत नाही ती तशीच राहू द्यावी.

वेगाचे गणित

आता थोडे गणित करू. वाडग्याचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक फूट, धरा. त्याचा घेर ९४ सेंटिमीटर झाला. लेथ मिनिटाला १,००० फेरे घेत असेल तर कडेवरचा कोणताही बिंदू मिनिटाला ९४० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने फिरत असतो. मोटार रस्त्याने धावते त्या वेगाने लाकडाची तुटक कड कातारीच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर फिरत असते. भिंतीत पोकळी असली की एक बाजू जड आणि दुसरी हलकी होते. सारा लेथ थरथरू लागतो आणि पोकळीच्या कडेचा तुकडा निसटायला पाहतो.

तुकडा उडाला तर तो किती जोराने लागेल हे वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. थरथर किती जोराची होईल तेही वेगाच्या वर्गावरच ठरते. म्हणजे फेरे १,००० चे ५०० केले तर माराचा जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. भरीव लाकडासाठी कारागिरांचा एक ठोकताळा आहे: व्यासाचे इंच आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान असावा. बारा इंची वाडग्याला त्याप्रमाणे ५०० ते ७५० फेरे येतात. पोकळी असली तर त्याहूनही खाली यावे, आणि चेहऱ्यावर नुसता चष्मा न घालता पूर्ण मुखवटा घालावा, हे शहाणपणाचे.

पण वेग उतरवला की काम लांबते. जोर चौथाई होतो आणि वेळ वाढतो. त्या वाढलेल्या वेळेचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न इथे उभा राहतो. त्याकडे वळण्यापूर्वी धुळीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत.

न दिसणारा धोका

इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्या-टेबलांच्या धंद्याचे गाव. त्या भागातील लाकूडकामगारांत नाकाच्या आतील एका एरवी दुर्मिळ कर्करोगाचे प्रमाण विलक्षण असल्याचे तिथल्या डॉक्टरांनी १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून जगापुढे मांडले. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगास निश्चित कारणीभूत होणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले. अशा रोगाला वर्षानुवर्षे लागतात. तो उमटतो तेव्हा कामगार तो गाळा केव्हाच सोडून गेलेला असतो. आवाळूत कुजलेले लाकूड असते, म्हणून त्या धुळीत बुरशीचीही भर पडते. नाकाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. धूळ जागच्या जागी ओढून घेणारा पंखा आणि बारीक कण अडवणारा मुखवटा, या दोन्ही गोष्टी हव्यात.

नगाची मजुरी आणि वेळेची मजुरी

आपल्या भाईंदरच्या औद्योगिक गाळ्यांतून स्टीलची भांडी निघतात. स्टीलची वाटी घडते ती पत्र्याच्या गोल चकतीपासून. चकती यंत्राखाली दाबतात किंवा फिरत्या साच्यावर चढवतात, मग कड कापतात, मग चकाकी आणतात. पहिली वाटी आणि हजारावी वाटी सारखीच. अशा कामात मालकाने नगावर मजुरी ठरवली तर निदान प्रत्येक नगाला लागणारा वेळ मोजता येतो, आणि दर कमी असेल तर संघटनेला तो वाढवून मागता येतो. आम्ही नगाच्या मजुरीचे पुरस्कर्ते नाही. पण तिथे भांडायला काही माप तरी आहे.

आवाळूच्या वाडग्यात ते मापच नाही. एका आवाळूत आठ ठिकाणी यंत्र थांबवावे लागेल, दुसऱ्यात एकदाही लागणार नाही. तिसरे दोन दिवसांच्या मेहनतीनंतर फुटेल. थांबून पाहणे, ठोकून ऐकणे, गोंद वाळेपर्यंत बसणे, धार लावणे आणि वेग उतरवणे यांतूनच तो वाडगा घडतो. नगाची मजुरी या प्रत्येक गोष्टीला दंड करते. जो कारागीर सावधपणे थांबतो त्याचा रोज बुडतो. जो न थांबता वेग चढवतो त्याचा नग आधी होतो. म्हणजे मजुरीची पद्धतच त्याला धोक्याकडे ढकलते, आणि मागून म्हणते की यानेच घाई केली.

आमच्या माहितीतल्या एका छोट्या गाळ्यात असेच घडले. शोभेच्या वस्तूंची मागणी आलेली होती, दर नगावर होता, आणि गाठाळ लाकडाच्या भिंतीचा तुकडा उडून कारागिराचा एक डोळा गेला. मालकाचे म्हणणे एकच होते, की त्याने वेग जास्त ठेवला. त्याने तो ठेवला होता हे खरे. पण कमी वेगाने काम करून त्या दरात त्याच्या घरी चूल पेटली असती काय, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्राला आडोसा आणि डोळ्यांना संरक्षण देण्याची कलमे होती. पण विजेवर चालणाऱ्या ठिकाणी निदान १० कामगार असले तरच तो कारखाना धरला जाई. २०२० साली संसदेने केलेल्या व्यवसायविषयक सुरक्षा संहितेत ही संख्या १० वरून २० झाली. कातकामाच्या गाळ्यात चार-पाच माणसे असतात. म्हणजे तुकडा उडायचा तो तिथेही उडतो; कलम मात्र तिथवर पोचत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एक डोळा गेला व दुसरा शाबूत असला तर माणसाची कमाईची शक्ती शेकडा ४० ने घटली असे धरले आहे. तो कायदा पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. आता विचार करा. पोकळीची कड किती खोल आहे, भिंत किती उरली आहे, हा अदमास दोन डोळ्यांनी मिळून येतो. एका डोळ्याच्या कातारीचे शेकडा ४० गेले की त्याचा धंदाच गेला?

यावर उपाय अशक्य कोटीतले नाहीत. गाठाळ आणि पोकळ लाकडाचे काम रोजावर असावे, नगावर नसावे. फुटलेल्या आवाळूचा तोटा कारागिराच्या पगारातून कापू नये. झाडाच्या पोटात काय आहे हे त्याने ठरवलेले नाही. धूळ ओढणारा पंखा आणि चेहऱ्याचा मुखवटा मालकाने द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आवाज बदलताच यंत्र थांबवण्याचा अधिकार यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचा असावा, आणि तो वापरला म्हणून कोणी त्याचा रोज कापू नये.

विकत घेणाऱ्यांनाही येथे काही करता येईल. प्रदर्शनात किंवा दुकानात असा वाडगा हाती आला म्हणजे लाकूड कोणते आणि किंमत काय, एवढे विचारून थांबू नये. झाड पडलेले होते की पाडलेले, वाडगा घडायला किती दिवस लागले, आणि ज्याने घडवला त्याची मजुरी रोजावर होती की नगावर, हेही विचारावे. दुकानदाराला उत्तर येत नसेल तर दुसऱ्या खेपेस तो ते विचारून ठेवील. गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला बाजार जितका वचकतो तितका कलमाला वचकत नाही, असा आमचा अनुभव आहे.

भोकाच्या भांड्याला मोल कशाचे, असे आपण आरंभी विचारले होते. त्यातले काही मोल झाडाचे आहे, पण पुष्कळसे त्या भोकापाशी थांबून, हात आवरून, कडेला धक्का न लावता पुढे जाणाऱ्या माणसाच्या वेळेचे आहे. तो वेळ त्याला मजुरीत मोजून मिळाला पाहिजे.